घरचा पोस्टमास्तर

आपल्या रामटेकला निरोप पाठवायची परंपरा फार जुनी. कुबेराच्या शापानं वर्षभर अलकेपासून लांब पडलेला यक्ष, आषाढाच्या पहिल्या दिवशी डोंगराला टेकलेला ढग, आणि त्या ढगाच्या हाती बायकोला धाडलेला निरोप... हे सगळं इथंच घडलं, असं आपण छातीठोकपणे सांगतो. कालिदासाचा रामगिरी म्हणजेच रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं. काही विद्वान रामगिरीला उचलून छत्तीसगडात सरगुजाकडं नेतात. त्यांना एकदा जुलैमध्ये गडावर आणून खिंडसीवरचा पाऊस दाखवायला पाहिजे, एवढंच मी म्हणेन.

पण कॉम्प्युटर शाखेच्या पोराला मेघदूत वाचताना वेगळीच गंमत वाटते. यक्ष आधी ढगाला रस्ता सांगतो, कुठून वळायचं, कुठं थांबायचं, वाटेत उज्जैन काऊन चुकवायचं नाही. आणि निरोप त्यानंतर. म्हणजे अर्धं काव्य राउटिंग टेबल! आणि दुसरी गोष्ट, जी मला बरीच नंतर खटकली. निरोप खास बायकोसाठीचा, पण ढगाला तो पूर्ण ऐकावा लागला. न ऐकता पोचवायची सोयच नव्हती. डाक खात्यानं २००२ मध्ये 'मेघदूत' नावाचं पोस्टकार्ड काढलं होतं, पंचवीस पैशांचं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. पोस्टकार्डही वाटेतल्या प्रत्येकाला वाचता येतंच की.

तर मित्रांनो, हा लेख आमच्या घरच्या ढगाबद्दल आहे. तो ढग म्हणजे मी.

मी या कॉलेजचा माजी विद्यार्थी. गावातलाच, त्यामुळे होस्टेलच्या मेसचं जेवण फक्त मित्रांच्या कुपनावर खाल्लेलं. सरांनी सांगितलं, काहीतरी टेक्निकल लिही. संपादक मंडळातल्या मुलांनी सांगितलं, दादा, बोअर मारू नका. दोघांनाही नाराज न करायचा प्रयत्न करतो.

आमचं घर एकत्र कुटुंबाचं. पुढच्या भागात काकांचं कृषी केंद्र, मागे राहतं घर, वर माडीवर ताईची खोली. आजी, आई, बाबा, काका, काकू, ताई, मी आणि काकांची दोन लहान पोरं. बाबा पोस्टात होते. पोस्टमन नाही, काउंटरवर. तालुक्यातल्या आणि आसपासच्या कितीतरी पोस्टांत बदल्या होत होत शेवटी सब-पोस्टमास्तर झालेले. २००४ साली आमच्याकडं एकच फोन होता आणि एकच डायल-अपचं खातं. त्या खात्याबरोबर एक ई-मेल पत्ता मिळालेला, तोच सगळ्यांचा. काकांच्या कंपन्यांचे भाव, माझे प्रोजेक्टचे मेल, ताईच्या मैत्रिणींची पत्रं, मामेभावानं पाठवलेले विनोद, सगळं एकाच डब्यात. जो आधी जोडेल तो सगळं वाचणार. आणि आउटलुक एक्सप्रेसची मूळ सेटिंग अशी की मेल उतरवला की सर्व्हरवरून गायब. म्हणजे काकांनी दुकानात सकाळी मेल पाहिला की ताईचं पत्र काकांच्या कॉम्प्युटरमध्ये. मग ताई खाली येऊन म्हणायची, "काका, माझं काही आलं काय?" आणि काका चष्मा वर करून, पाच गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे. काकांच्या मनात काही नसायचं. त्यांना फक्त हळू बोलता येत नव्हतं.

माझं तेव्हा तिसरं वर्ष. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तुमच्यापैकी कोणाच्या काकांच्या कपाटात अजून असेल. एक जुना पेंटियम मिळाला होता, त्यावर ती टाकली. आठ पोर्टचा हब आणला, क्रिंपिंग टूल मित्राकडून मागून आणलं, आणि दुकान, माडी आणि माझी खोली जोडली. मशीनांची नावं अंबाळा, खिंडसी आणि रामगिरी. माडीवरची केबल गच्चीवरून नेलेली होती. रामटेकच्या माणसाला पुढचं सांगायला नको: पंधरा दिवसांत वानरांनी ती तोडली. नंतर जीआयच्या पाइपातून नेली.

आता थोडं टेक्निकल, पण सहन करा.

घरात एकच लाइन आणि माणसं अनेक, तेव्हा करायचं असं: बाहेरच्या सर्व्हरवरचा मेल एकानंच आणायचा आणि घरात वाटायचा. आणणाऱ्याचं नाव फेचमेल. ओपन सोर्सबद्दल बोलताना सगळे एरिक रेमंडच्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' या १९९७ च्या निबंधाचं नाव घेतात. पण तो निबंध मुळात या फेचमेलच्याच जन्माची गोष्ट आहे, हे फार थोड्यांना आठवतं. त्या माणसाची अडचण आमच्यासारखीच होती. घरची लाइन कायम जोडलेली नाही, आणि मेल आपल्या घरच्या मशीनवर आपोआप यायला हवा. आणलेला मेल फेचमेल पोस्टफिक्सच्या हवाली करतं, पोस्टफिक्स तो ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतं, आणि डोव्हकॉट नावाचा कारकून खिडकीवर बसून ज्याला त्याला त्याचीच पेटी दाखवतो. जाणारा मेल पोस्टफिक्स रांगेत धरून ठेवतो आणि लाइन जोडली की एकदम सोडतो. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बॅग बंद करून ठेवायची आणि गाडी आली की टाकायची. यात नवीन काय आहे?" खरंच काही नव्हतं. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ लिहून हे नियम बांधले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पोस्टच असावं असं वाटतं. वाटताना अडलेल्या पत्रांसाठी प्रत्येक डोमेनवर एक पत्ता असायलाच हवा, असा नियम आहे आणि त्या पत्त्याचं नाव 'पोस्टमास्टर'. आमच्या घरी ते पद माझ्याकडं आलं. बाबांना हे ऐकून जो आनंद झाला, तो माझ्या सेमिस्टरच्या निकालानं कधी झाला नव्हता. "बत्तीस वर्षं लागली मले," असं म्हणून ते हसले.

सगळ्यांना वेगळे पत्ते हवे म्हणून मामेभावाच्या मदतीनं एक डोमेन घेतलं. पैसे वाचवायला बाहेर पेटी एकच, त्या डोमेनच्या नावानं जे येईल ते सगळं तिच्यात, आणि घरात आल्यावर नाव पाहून वाटप. याला मल्टिड्रॉप म्हणतात. फेचमेलच्या मॅन्युअलमध्ये याविषयी सावध करणारा एक अख्खा भाग आहे, आणि तो का आहे ते पुढं येईलच.

पहिलं भांडण मात्र काकांच्या अटॅचमेंटवरून. खताच्या एका कंपनीनं तीन मेगाबाइटचं रंगीत भावपत्रक पाठवलं. मेलमधून जाताना कुठलीही फाइल अक्षरांमध्ये बदलली जाते आणि त्यात ती तिसऱ्या हिश्शानं फुगते, म्हणजे चार मेगाबाइट. आमची लाइन चांगल्या दिवशी ३३.६ किलोबिटला जुळायची. हिशोब करून पाहा, पंधरा-वीस मिनिटं फक्त ते एक पत्रक! त्यामागं बाकी सगळ्यांचे मेल उभे. मधेच लाइन तुटली की परत पहिल्यापासून. आणि ते दिवस लोडशेडिंगचे, यूपीएस म्हणजे चैन. तीन संध्याकाळी तेच पत्रक उतरत होतं आणि आजी विचारत होती, "फोन केव्हा मोकळा होईन बाप्पा? मले चंद्रपूरले बोलाचं आहे." शेवटी फेचमेलला मर्यादा घातली: दिवसा शंभर केबीपेक्षा मोठं काही उचलायचं नाही, मोठी पार्सलं रात्री. काका म्हणाले, "माझाच माल काऊन अडवून राहिला बे?" बाबा म्हणाले, "पार्सलची खिडकी वेगळीच असते." विषय मिटला.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, २००५ च्या दिवाळीपर्यंत.

ताईचं एम.एस्सी. झालं होतं. नागपुरात एका ज्युनिअर कॉलेजला ती तासिका तत्त्वावर शिकवायची, रोज बसनं ये-जा. घरात स्थळं पाहणं सुरू होतं. ताई नाही म्हणत नव्हती, हो पण म्हणत नव्हती. आणि रात्री माडीवर तिचा दिवा उशिरापर्यंत. कीबोर्डचा आवाज खाली ऐकू यायचा.

एका रविवारी मी दुकानात यूपीएसची बॅटरी बदलत होतो. बाबा आले, शटर अर्धं खाली होतं, ते वाकून आत आले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "तुले सगळ्यांच्या पेट्या दिसतात ना?"

मी म्हटलं, "मशीन माझ्या हातात आहे, तर दिसू शकतात."

"मग ताईले कोणाची पत्रं येऊन राहिली ते पाह्य. मले फक्त एवढंच सांग, कोणी मुलगा आहे काय. बाकी काही नको."

इथं जरा थांबतो. लिनक्स येणाऱ्या मुलांना माहीत आहे, फाइलवर परवानगी लावता येते. ताईची पेटी फक्त ताईला उघडेल, काकांची काकांना. पण हे सगळं 'रूट' सोडून. रूटला कुलूप नसतं. मी मनात आणलं असतं तर एक ओळ टाइप करून ताईचं वर्षभराचं सगळं वाचता आलं असतं आणि तिला कळलंही नसतं. कुठल्याही मेल सर्व्हरचं हेच आहे, तेव्हाही आणि आजही. कोणीतरी एक माणूस असतो, त्याला दिसू शकतं. तो पाहत नाही एवढ्यावरच सगळं उभं असतं. हे मी थिअरीत वाचलं होतं. शटरखाली उभे असलेले बाबा म्हणजे प्रॅक्टिकल.

मी म्हटलं, "बाबा, मी नाही पाहणार."

"काऊन?"

"तुम्ही पोस्टात कधी कोणाचं पाकीट उघडलं काय?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "पोस्टातलं पत्र सरकारच्या ताब्यात असते. हे घर माझं आहे. फोनचं बिल मी भरतो. मुलगी माझी आहे. तुले अक्कल शिकवाले नाही पाठवलं कॉलेजात." मग खालच्या आवाजात, "लोक विचारतात रे मले. मी काय सांगू?"

ही शेवटची ओळ मला आजही ऐकू येते. बाबा काही खलनायक नव्हते. ज्या पोरीच्या लग्नाची काळजी आहे तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि तिलाच विचारायची त्यांना सवय नव्हती. आपल्याकडच्या किती बापांना असते? एक सोपा रस्ता दिसला, तो माझ्या मशीनमधून जात होता. मी एवढंच म्हटलं, "ताईलाच विचारा. नाहीतर मी मशीन बंद करतो, सगळे परत एकाच डब्यातून वाचा." ते गेले. पुढचे आठ-दहा दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलले. "त्याले म्हणा जेवून घे." आई आमच्या घरची खरी रिले सर्व्हर.

आता मल्टिड्रॉपची भानगड. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या कागदावरचं 'प्रति' हे वेगळं असतं, हे पोस्टात सगळ्यांना माहीत आहे. ई-मेलमध्येही तसंच. सर्व्हर एकमेकांशी बोलताना 'हे अमक्याला द्या' असं सांगतात, ते पाकीट. आपल्याला पडद्यावर जे 'टू' दिसतं तो आतला कागद. बीसीसी केलं की नाव फक्त पाकिटावर राहतं, कागदावर नाही. आणि एकाच पेटीत सगळं ओतलं गेलं की पाकीट फाडून फेकलं जातं, कागद उरतो. काही ठिकाणचे सर्व्हर पाकिटावरचं नाव कागदाच्या डोक्यावर 'डिलिव्हर्ड-टू' म्हणून लिहून ठेवतात, मग फेचमेलला ते वाचता येतं. आम्ही जागा घेतली होती तिथं ती सोय नव्हती. त्यामुळे कोणी बीसीसीमध्ये शंभर जणांना एक मेल पाठवला की आमच्या घरी तो बेवारस व्हायचा, आणि बेवारस मेल पोस्टमास्टरकडं. म्हणजे माझ्याकडं. बहुतेक वेळा ते मामेभावाचे विनोद असायचे.

अबोल्याच्या त्या दिवसांतच एका रात्री माझ्या पेटीत असाच एक मेल आला. 'टू'मध्ये कोणाचंच नाव नाही. पाठवणारी पुण्यातली एक संशोधन संस्था, विषयाच्या ओळीत मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांसाठी सूचना. यादीतल्या त्या एका ओळीवरून दिसतंच होतं. काका पुण्यात संशोधन करायला जाणार नव्हते, आणि मी अजून पास व्हायचा होतो. मी तो न उघडता ताईच्या पेटीत वळवला. मटमध्ये एक बटण आहे, मेल जसाच्या तसा पुढं सरकतो, 'फ्रॉम'मध्ये मूळ पाठवणाऱ्याचंच नाव राहतं. माडीवर आवाज दिला, "ताई, मेल पाहून घे." एवढंच.

अर्ध्या तासानं ती खाली आली. सगळे जेवत होते. उभ्यानंच बोलली. पुण्याला मुलाखत आहे, पुढच्या शुक्रवारी, संशोधन सहायकाची जागा आहे, पीएच.डी. करता येईल. अर्ज ऑगस्टमध्येच केला होता. कोणी मुलगा-बिलगा नव्हता. रात्रीचा तो कीबोर्ड म्हणजे अर्ज होते, एक नाही, अकरा. दहा ठिकाणांहून काही उत्तर नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

त्या रात्री जे झालं ते सगळं लिहीत नाही, ते घरचं आहे. आजीनं ताईची बाजू घेतली हे मात्र लिहिलं पाहिजे, कारण ते कोणाच्याच हिशोबात नव्हतं. ताई काकांबरोबर पुण्याला गेली, तिची निवड झाली, आणि जानेवारीत तिला नागपूर स्टेशनवर सोडायला बाबाच गेले.

मुलाखतीच्या आधीच, त्याच आठवड्यात, बाबा माझ्या खोलीत आले. "तुले माहीत होतं?"

"विषयाची ओळ दिसली होती. आत काय होतं ते नाही पाहिलं."

ते खुर्चीवर बसले. खूप वेळ मशीनचा पंखा ऐकत राहिले. मग त्यांनी मला आरएलओ समजावलं. पत्ता लागत नाही आणि पाठवणाऱ्याचंही नाव बाहेर नाही, असं पत्र पोस्टमननं उघडायचं नसतं, पोस्टमास्तरनंही नाही. ते जातं रिटर्न्ड लेटर ऑफिसला. पूर्वी त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत. उघडायचा अधिकार फक्त तिथं, आणि तोही पत्ता शोधण्यापुरता. "पत्र वाचायचं नाही, पत्ता वाचायचा," असे त्यांचे शब्द. इतकी वर्षं पोस्टातल्या माणसाच्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

आणि मग बाबांनी नियमच करून दिले, पोस्टातल्यासारखे. बेवारस मेल आला की वहीत नोंद: तारीख, पाठवणारा, कोणाला दिला. वही दुकानात, कोणीही पाहावी. पेटी कोणाची उघडायची झाली, मशीन बिघडलं म्हणून का होईना, तर त्या माणसासमोर. पासवर्ड ज्याचा त्याला, बाबांनाही सांगायचा नाही. हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःच सांगितला आणि सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. ती वही, शंभर पानी, माझ्याकडं आहे. २००५ ते २०११ मध्ये एकूण १४३ नोंदी. त्यातल्या शंभराच्या वर मामेभावाच्या विनोदांच्या आहेत.

मला स्वतःला नियमांपेक्षा कुलूप हवं होतं. मलाही वाचता येणार नाही असं काहीतरी. ते होतंच: फिल झिमरमनचं पीजीपी १९९१ पासून, आणि त्याचं मोफत भावंड जीएनयूपीजी १९९९ पासून. मी उत्साहानं ताईला आणि काकांना किल्ल्या करून दिल्या. काकांची किल्ली आठवडाभर टिकली. सांकेतिक वाक्य विसरले, आणि भावपत्रक उघडेना म्हणून त्यांनी कंपनीला फोन लावून शिव्या दिल्या. ताईनं पुण्याहून दोन मेल तसे पाठवले, तिसऱ्यात लिहिलं, "पुरे आता, फोन कर." आजही तेच आहे. व्हॉट्सॲपनं २०१६ मध्ये सगळ्यांचे निरोप कोणाला न विचारता कुलूपबंद केले म्हणून ते चाललं. ई-मेलमध्ये किल्ली सांभाळायची जबाबदारी माणसावर टाकली, आणि माणूस किल्ली हरवतोच. मल्टिड्रॉपचा प्रश्न मात्र पैशांनी सुटला. बाहेर प्रत्येकाची वेगळी पेटी घेतली, वर्षाला थोडे जास्त गेले, पाकीट फाटणं थांबलं.

होस्टेलवाल्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. कुठल्याही कॉलेजात जा, टेक-फेस्टचं एक खातं असतं, मेस कमिटीचं एक, प्लेसमेंटच्या मुलांचं एक. पासवर्ड पंधरा जणांना माहीत, गेल्या तीन बॅचना पण माहीत, आणि तो बहुधा शाखेचं नाव आणि वन टू थ्री. त्या पेटीत तुमच्या मार्कशीट, आधारच्या प्रती, कोणाच्या तरी आजारपणाचे अर्ज पडलेले असतात. हे आमच्या २००४ च्या एका डब्यासारखंच झालं, फक्त गिऱ्हाईक जास्त. ग्रुपचा पत्ता करून प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात मेल जाईल असं लावायला अर्धा तास पुरतो. बॅच गेली की नाव काढायचं. आणि शंभर जणांना मेल पाठवताना बीसीसी वापरा, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना वाटू नका. आमच्या मल्टिड्रॉपला त्रास व्हायचा तो आता कोणाला होत नाही.

घरचा सर्व्हर अजून चालू आहे. पेंटियम कधीच भंगारात गेला, २०१४ पासून एक रास्पबेरी पाय देवघराच्या वरच्या फळीवर बसलेला आहे. पण त्याचं काम अर्धं झालं. घरून थेट मेल पाठवणं आता जवळपास बंद आहे. घरगुती जोडणीवर २५ नंबरचं पोर्ट बहुतेक ठिकाणी अडवलेलं असतं. एक सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. पाठवणारा खरा कोण हे सिद्ध करायला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन चिठ्ठ्या लागतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं त्या बाबतीत आणखी कडक धोरण धरलं, घाऊक मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही लागतात. स्पॅमचा पूर पाहता त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एक गावठी मशीन दुसऱ्या कुठल्याही मशीनला बरोबरीनं पत्र देऊ शकत होतं, तो जमाना गेला, आणि त्याचं मला वाईट वाटतं. जाणारा मेल आता बाहेरच्या मोठ्या सर्व्हरमार्फत जातो. आमचा पाय फक्त सगळ्यांचे मेल आणून त्यांची प्रत सांभाळतो. मे २०२२ अखेर गुगलनं साधा पासवर्ड देऊन आत येणं बंद केलं तेव्हा सगळ्यांचे ॲप पासवर्ड नव्यानं करावे लागले. बाबांचाही केला, त्यांच्यासमोर बसून. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि वहीतली नोंद त्यांनी स्वतः केली.

२०२३ च्या डिसेंबरात बाबा गेले.

तेराव्यानंतर कागदपत्रं काढायला बसलो. आईच्या कुटुंब पेन्शनसाठी त्यांच्या पीपीओची प्रत हवी होती. कपाटात मिळाली नाही. ताई म्हणाली, "त्यांना सगळं स्कॅन करून स्वतःलाच मेल करायची सवय होती." म्हणजे प्रत पायवर होती. माझ्यापासून एका ओळीच्या अंतरावर.

गुगलमध्ये २०१३ पासून एक सोय आहे. खातं ठरावीक काळ निपचित पडलं तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, त्यांची नावं आधीच देऊन ठेवता येतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही आपल्यामागं हक्क बजावायला माणूस नेमायची तरतूद आहे. बाबांनी यातलं काही केलेलं नव्हतं. मीही त्यांना कधी हे सांगितलं नव्हतं. कोणता मुलगा सांगतो? त्यांनी केलेला नियम मात्र होता: पेटी त्या माणसासमोर उघडायची. आता तो माणूस नव्हता.

आम्ही तिघं बसलो, आई, ताई आणि मी. आईनं विचारलं, "बाकीचं दिसते काय?" मी म्हटलं, पूर्ण यादी समोर येईल, विषय दिसतील. ती म्हणाली, मग यादी नको. मी सर्व्हरवर फक्त शोध लावला: 'पीपीओ' हा शब्द, आणि पाठवणारे बाबा स्वतः. तीन मेल निघाले. पहिल्याच मेलमध्ये प्रत होती, सरळ स्कॅन केलेली, चारही कोपरे दिसतील अशी. ती छापली. वहीत नोंद ताईनं केली, कारण माझं अक्षर आईला लागत नाही. तारीख, पाठवणारा, कोणाला दिला.

कुटुंब पेन्शन एप्रिलमध्ये सुरू झाली. बाबांची पेटी तशीच आहे. त्यांच्या पत्त्यावर अजून मेल येतात, एका बँकेचे, एका निवृत्तांच्या संघटनेचे, आणि मामेभावाचे, ज्यानं आपल्या जुन्या यादीतून त्यांचं नाव अजून काढलेलं नाही. फेचमेल दर दहा मिनिटांनी ते आणतं आणि पोस्टफिक्स पेटीत टाकतं. रविवारी रात्री सगळ्या पेट्यांचा बॅकअप होतो, त्यांच्या पेटीचाही. ताई मागं म्हणाली, त्यांचं वाटप बंद करून टाक. आई म्हणाली, राहू दे, वीज कितीशी लागते.